जिताड्यांची गोड्या पाण्यातली आंघोळ

माझी सासू माशाला नुसता हात लावून सांगते, हा पाण्यातून कोणत्या वारी निघाला. यावर कोणी हसणार असेल तर खुशाल हसा. मीही हसलो होतो. मग बोरीवलीच्या बाजारात तिने ओळीने तीन पाट्यांवरच्या माशांचे वार सांगितले आणि तिन्ही विक्रेत्यांनी माना खाली घातल्या, तेव्हा माझं हसू जिथल्या तिथे राहिलं. माझी बायको म्हणते, तीन नव्हते, एकच होता, आणि त्याने मान खाली घातली ती सुट्टे शोधायला. माझ्या गोष्टींमधली हवा काढायचं हे काम ती लग्नापासून करते आहे. तेव्हा पुढचे आकडे वाचणाऱ्याने आपापल्या घरी निम्मे करून घ्यावेत. सासू मात्र निम्मी करू नये. ती आहे त्यापेक्षा मी कमीच सांगतो आहे.

मी बोरीवली पश्चिमेला एका लहानशा लॅबमध्ये रक्त-लघवी तपासतो. सकाळी सातपासून दुपारी तीनपर्यंत एक डोळा मायक्रोस्कोपला आणि दुसरा घड्याळाला. आमचं मूळ गाव मराठवाड्यात, इतकं आत की आमच्यासाठी समुद्र म्हणजे नकाशातला निळा रंग. मासा वर्षातून एकदा, गावतळं आटत आलं की. अशा घरातला मुलगा गोराईच्या खाडीपलीकडच्या कोळीवाड्यात जावई म्हणून गेला, तेव्हा पहिल्याच जेवणात माझ्या ताटात एक अख्खा बोंबील पडला आणि समोर सतरा माणसं मी तो कसा खातो ते बघायला बसली. मी काटा शोधत राहिलो. बोंबलाला म्हणण्यासारखा काटाच नसतो हे मला कोणी सांगितलं नाही. ते हसणं बोरीवली स्टेशनपर्यंत ऐकू आलं असणार.

सासूने चाळीस वर्षं मासे विकले. पहाटेची बोट, डोक्यावर पाटी, बोरीवलीतल्या सोसायट्या. पण विकले ते सगळे दुसऱ्यांनी पकडलेले मासे. आधी सासऱ्यांनी, ते गेल्यावर दिरांनी, मग बंदरावरच्या लिलावातले. काही वर्षांपूर्वी वाड्यातल्या आठ बायकांनी गट केला, मासे पाळण्याचं प्रशिक्षण घेतलं आणि खाडीत पिंजरा टाकला. निळ्या पिंपांवर बांधलेली चौकट, तिच्यावर चालायला फळ्या आणि खाली पाण्यात लोंबणारं भलंमोठं जाळ्याचं पोतं. त्यात जिताड्याची बोटाएवढी पिल्लं सोडली. जिताडा म्हणजे काय चीज आहे हे मुंबईकराला सांगायला नको. ठरलं असं की मासा एक किलोच्या वर गेल्याशिवाय एकही विकायचा नाही.

सासू तेव्हा मला म्हणाली होती, "जावयबापू, आजवर विकलं ते दुसऱ्याचं. हे बोटाएवढे होते तवापासून माझे हायत." इतकं बोलून ती लगेच सुरीला धार लावायला बसली. पण मला कळलं ते कळलं.

आता तिची एक सवय. मासे विकणाऱ्या बाईचा अंगठा हा वेगळाच अवयव असतो. गिऱ्हाईक पुढे आलं की अंगठा कल्ल्यात जातो, कल्ला उघडतो, आतला लाल रंग दिसतो, सौदा होतो. चाळीस वर्षांत सासूने किती कल्ले उघडले असतील? मी एकदा हिशोब करायला बसलो आणि कॅल्क्युलेटर बंद पडला. पिंजऱ्यातल्या माशांची पहिली तपासणी आली तेव्हा तिने पाण्यातून जिताडा काढला आणि अंगठा आपोआप कल्ल्यात गेला. आठी बायकांचे अंगठे गेले. कल्ले लालभडक होते, सगळ्या खूश झाल्या, मासे पाण्यात सोडले आणि दुसऱ्या दिवशी तीन जिताडे पोट वर करून तरंगत होते.

प्रशिक्षण देणाऱ्या मत्स्य खात्यातल्या मॅडम आल्या. त्यांनी विचारलं, "धरला कसा होता?"

सासूने धरून दाखवलं.

मॅडमनी आधी तिचा अंगठा कल्ल्यातून बाहेर काढला. मग म्हणाल्या, "मावशी, हा श्वास घेतो तिथून. तुम्ही त्याच्या फुप्फुसात अंगठा घातलात."

आठ बायका, सगळ्या मिळून साडेतीनशे वर्षांचा माशांचा अनुभव, आणि जिवंत मासा धरायचा कसा हे एकीलाही माहीत नव्हतं. कसं माहीत असणार? त्यांच्या हातात तो येईपर्यंत त्याचा सगळा कारभार आटोपलेला असायचा. मॅडमनी ओलं फडकं घेतलं, माशाच्या डोळ्यांवर टाकलं, दुसरा हात पोटाखाली. जिताडा गप्प झाला. सासूने ते एकदाच पाहिलं. त्यानंतर तिने मासा धरला की बाळंतघरातल्या सुईणीने रजेचा अर्ज द्यावा. माझी मुलगी जन्मली तेव्हा मी तिला पहिल्यांदा उचलत होतो, तर सासू म्हणाली, "जिताड्यासारखी धर." मला एकदम जमलं.

पावसाळा नीट गेला. खाडीला डोंगरावरचं पाणी येतं, मासे खातात, वाढतात. दिवाळी झाली, ऊन चढलं, पाणी पुन्हा खारं झालं आणि सासूचा लॅबमध्ये फोन आला. माझ्या हातात कुणाची तरी साखर होती.

"मासे अंग खाजवतात."

"कुणाचं अंग?"

"सोत्ताचं! जाळ्याला घासतात. गुरं खांबाला घासतात ना, तसे. जेवत पन नायत. ये तू."

सासू मला 'तुम्ही' म्हणते. 'तू' आला की समजायचं, खाडीला आग लागली.

तीनला सुटलो, जेट्टीवरून बोट पकडली, पिंजऱ्यावर पोचलो. वरून बघितलं तर पाण्यात चांदीचे लखलखाट. मला वाटलं, काय सुंदर! सासूने माझ्याकडे असं पाहिलं की मी सुंदर हा शब्द गिळला. मासा जाळ्यावर कुशी घासायला वळला की त्याचं पोट चमकतं, तो तो लखलखाट. एक मासा ओल्या फडक्यात घेतला. अंगावर बुळबुळीत थर, दोन-तीन ठिकाणी खवले गेलेले, एक डोळा दुधासारखा पांढुरका. पण किडा म्हणावा तर कुठेच दिसेना.

सासूने बोटाच्या पेराने माशाच्या कपाळावरून अलगद खालीपर्यंत हात फिरवला. थांबली. पुन्हा फिरवला.

"हाय काहीतरी," ती म्हणाली. "दिसत नाय, पन हाताला लागतंय. काचेवर सेलोटेप लावलेली असते ना, तसं."

मी तिथलं थोडं खरवडून खाडीच्याच पाण्यात, लघवीच्या डबीत घेतलं. डबी नवी होती, उगाच नाकं मुरडू नयेत. दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये रुग्ण संपल्यावर तो थेंब काचेवर घेतला, वाकलो आणि खुर्चीसकट मागे सरकलो. काचेसारखा आरपार, चपटा, पानाच्या आकाराचा प्राणी, मागच्या टोकाला बशीएवढी चूषणी आणि त्या चूषणीत आकडे. पुढून तो चरत होता. मी वीस वर्षं माणसांच्या पोटातले जंत बघतो आहे, पण इतका मस्तवाल इसम पाहिला नव्हता. आरपार असल्यामुळे तो माशाच्या अंगावर बसला की खाली माशाचे खवलेच दिसतात. सासूच्या बोटाला मात्र तो सापडला होता.

पुढे जे झालं त्याचं श्रेय मी बरीच वर्षं हुशारीला देत आलो. खरं म्हणजे काचेवरचं पाणी सुकत चाललं होतं आणि खाडीच्या पाण्याची डबी मी आळसाने टेबलाखालच्या कप्प्यातच ठेवली होती. म्हणून शेजारच्या बाटलीतलं साधं पाणी एक थेंब टाकलं. त्या प्राण्याने अंग आवळलं, फुगला आणि माझ्या डोळ्यांदेखत दुधासारखा पांढरा झाला. चूषणी सुटली. मिनिटाभरात खलास.

मी सासूला फोन केला. सगळं सांगितलं. 

"म्हणून पावसात काय नव्हतं," ती म्हणाली. "तवा पानी गोडं होतं. मग आंघोळ घालू त्यांना. गोड्या पान्याची."

मी मॅडमना फोन लावला. त्या म्हणाल्या, "बरोबर आहे, तेच करतात. हे अंगावरचे चपटे जंत, खाऱ्या पाण्यातले, गोडं पाणी त्यांना सोसत नाही. जिताड्याला सोसतं. फक्त पाच-सात मिनिटं, पाण्यात हवा सोडत राहा आणि मासा आडवा व्हायला लागला तर लगेच बाहेर."

मी उत्साहाने म्हणालो, आमच्या सोसायटीच्या टाकीतून पाणी आणतो, सेक्रेटरी माझ्या शब्दाबाहेर नाही. मॅडम म्हणाल्या, "नळाचं पाणी टाकलंत तर जंतांच्या आधी मासे मरतील. त्यात क्लोरीन असतं." सेक्रेटरीचा मोठाच भार वाचला. तसाही तो माझ्या शब्दाच्या आत कधी नव्हता.

पाणी निघालं ते वाड्यातल्या जुन्या विहिरीतून. नळ आल्यापासून ती फक्त कपडे धुवायला होती. आठ बायकांनी बादलीने पाणी काढून पिंपं भरली, पिंपं होडीत, होडी पिंजऱ्याला. मी मोजली ती चाळीस पिंपं. बायको म्हणते सोळा. सोळा धरली तरी उचलून दाखवा. बोरीवलीतल्या शोभेच्या माशांच्या दुकानातून मी बॅटरीवर चालणारे हवेचे पंप आणले. दुकानदाराने विचारलं, टाकी केवढी आहे? म्हटलं, खाडी. त्याने माझा नंबर मागून घेतला.

टाकी म्हणून वरून कापलेली काळी पाण्याची टाकी होडीत ठेवली. काळीच हवी, असं सासूचं म्हणणं होतं, "पांढरं पडलं तर दिसायला हवं ना." एका वेळी दहा मासे. वेळ मोजायला मी मोबाईल काढला, पण गटातल्या सगळ्यात म्हाताऱ्या आजींचा मोबाईलवर विश्वास नव्हता. त्या मोठ्याने आकडे म्हणायच्या, एक ते तीनशे, एकदाही न चुकता, आणि मधे कोणी बोललं तर आकड्याच्याच सुरात शिवी देऊन पुढचा आकडा घ्यायच्या.

पहिले दहा मासे टाकीत गेले. शंभरपर्यंत काही नाही. दीडशेला सासूची जाऊ, जी गटात होती आणि जिला या पिंजऱ्यातलं काहीच पहिल्यापासून पटत नव्हतं, ती म्हणाली, "जावयाने काचेत काहीतरी बघितलं आणि आपण पानी वाहतोय."

"एकशे बावन, थोबाड मिट, एकशे त्रेपन," आजी म्हणाल्या.

आणि माशांच्या अंगावर पांढरे ठिपके उमटायला लागले. जिथे काही नव्हतं तिथे! कपाळावर, कुशीवर, परांच्या मुळाशी. तांदळाच्या कण्या चिकटवल्यासारखे. मग त्या कण्या सुटून खाली बसायला लागल्या. काळ्या टाकीच्या तळाला पांढरा सडा.

"आगो बाय!" कोणीतरी म्हणालं. "येवरे लोक राहत होते?"

"भाडेकरू," सासू म्हणाली. "पागडीचे. भाडं नाय, दुरुस्ती नाय, वर घरमालकालाच खातात."

त्या दिवसापासून त्या प्राण्याचं आमच्याकडे तेच नाव. दोन दिवसांच्या ओहोट्यांमध्ये सगळे मासे आंघोळून निघाले. चौथ्या दिवशी ते जेवायला लागले. सासूने मला निरोप पाठवला, शेवटी 'तुमी' होतं. मी लॅबमध्ये सगळ्यांना पेढे दिले. रुग्णांनाही दिले, त्यातले दोघे साखरेचे निघाले.

बारा दिवसांनी पुन्हा फोन. "तू ये."

खाडीत तेच लखलखाट, आधीपेक्षा जास्त. या खेपेला सकाळ-सकाळी मेलेले मासेही निघत होते, कधी दोन, कधी पाच. पिंजऱ्यावरच बैठक बसली. जाऊ उभी राहिली. तिचं बोलणं धारदार, पण वेडंवाकडं नव्हतं.

"हे बघ गो, आता अर्ध्या किलोचे हायत. आज काढले तर काय तरी हाती लागंल. पंधरा दिवसांनी तरंगतीलच. माझी कंबर पानी वाहून गेली. काढून विकून टाकू आनि ही चौकट खात्याला परत देऊ."

तीन बायकांनी मान हलवली. चौथी खाली बघत राहिली, म्हणजे तीही तिकडेच.

सासू म्हणाली, "पुढच्या उधाणापर्यंत थांबा."

"आनि उधाणाला पन घासत असले तर?"

"तर पहिला मासा मीच कापंन."

मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. उधाणाची भरती यायला चौदा दिवस होते. तोवर काय करायचं, हे तिला त्या घडीला अजिबात माहीत नव्हतं. तरी शब्द देऊन बसली. अशा वेळी मी काय करतो? मी थाप मारतो. तिने थाप मारली नाही, मुदत मागितली, आणि बाकीच्या सात जणींनी दिली, कारण आजवर तिने बाजारात कधी बर्फातला मासा ताजा म्हणून विकला नव्हता.

त्या रविवारी आम्ही सगळे तिच्याकडे जेवायला. ओसरीत पंगत. समोर एक शेजारी बोटीवरून आणलेलं जाळं बांबूवर वाळत घालत होता. यात बघण्यासारखं काही नाही. कोळीवाड्यात जाळं वाळत घालणं म्हणजे आपल्याकडे टॉवेल वाळत घालणं. बोट आली, जाळं धुतलं, उन्हात टाकलं. कोणी सांगत नाही, कोणी विचारत नाही. सासूचा घास हातात होता. ती त्या जाळ्याकडे बघत राहिली. घास तसाच ताटात ठेवला.

"ऊठ," ती मला म्हणाली.

"आई, आमटी—"

"ऊठ रे!"

होडी तिने स्वतः वल्हवली. पिंजऱ्यावर पोचल्यावर ती फळीवर पालथी पडली, खांद्यापर्यंत हात पाण्यात घातला आणि जाळ्याची एक कड वर ओढली. कड हिरवी-काळी, शेवाळ, बारीक कालवं. तिने जाळ्याचा दोरा दोन बोटांत धरून चोळला. डोळे मिटून चोळत होती.

"कचकच लागते," ती म्हणाली. "रेती नाय ही. रेती सुटते."

तेवढा तुकडा कापून तिने माझ्या हातात दिला. सोमवारी लॅबमध्ये दोरा काचेवर ठेवला. त्याच्यावर तपकिरी, तिकोनी, शिंगाड्याच्या आकाराची अंडी होती. प्रत्येक अंड्याला लांबलचक शेपटी आणि शेपट्यांचा जाळ्याच्या दोऱ्यात असा गुंता की सोडवायला रेशमाचा कारागीर बसवावा लागेल. एका नखाएवढ्या तुकड्यावर मी ती मोजायला लागलो आणि सोडून दिलं. गोड्या पाण्याचा थेंब टाकला. काही नाही. जंत मरत होता, अंडं ढिम्म. म्हणजे आम्ही भाडेकरू हाकलत होतो आणि मासे पुन्हा त्याच जाळ्यात सोडत होतो, जिथे भाडेकरूंची पुढची पिढी वाट बघत बसली होती.

मी हे सगळं फोनवर न सांगता जाऊन सांगितलं. सासू ओसरीत बसली होती. ऐकलं. मग कपाळावर हात मारून घेतला.

"सात महिने," ती म्हणाली. "सात महिने जाळं पान्यात. आमच्यात कोण असं करतं? दोन दिवस जाळं ओलं रायलं तर माझा बाप जेवायला वाढू द्यायचा नाय. पन ह्याला आम्ही कवा जाळं बोललोच नाय. हे मासा धरत नाय ना. ह्यात मासे राहतात. पिंजरा बोललो, घर बोललो. घर कोन वाळत घालतं?"

मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, जाळं बदलायचं हे प्रशिक्षणात सांगितलं होतं, आणि बायकांनी लिहूनही घेतलं होतं. वही आणली. लिहिलेलं होतं, सुवाच्य अक्षरात. त्याच पानावर कोणाच्या तरी बारशाच्या पाहुण्यांची यादी होती, त्यामुळे सगळ्यांना ते पान पाहुण्यांसाठीच लक्षात राहिलं होतं.

दुसरं जाळं चौकटीबरोबरच आलेलं होतं. कुठे होतं? सगळ्या घरांत शोधलं. ते जावेच्या परसात चिकूच्या झाडावर होतं, वटवाघळांपासून चिकू वाचवायला. सात महिने. सासू झाडाखाली उभी राहून वर बघत होती. जाऊ बाहेर आली. मला वाटलं, आता महायुद्ध. चिकू ऐन भरात होते. जावेने विचारलं, "ह्याने थांबंल?" सासू म्हणाली, "ठावं नाय. वाटतंय." जाऊ आत गेली, कोयता घेऊन आली, झाडावर चढली आणि जाळं सोडवून खाली टाकलं. साठीच्या बाईला इतक्या सरसर झाड चढताना मी माकडांच्या देखत पाहिलं, आणि माकडांनीच नजर वळवली. जाळं तीन ठिकाणी फाटलेलं होतं. आठी जणींनी दोन दुपारी बसून ते विणून काढलं. त्या वेळी कोणी कोणाशी भांडलं नाही, ही गोष्ट वाड्यात अजून सांगतात.

मग तो दिवस. सकाळची मोठी ओहोटी. मासे जाळीने थोडे थोडे उपसायचे, टाकीत गोडी आंघोळ, तीनशे आकडे, आणि सोडायचे ते नव्या जाळ्यात, जे शेजारच्या तात्पुरत्या चौकटीत टांगलं होतं. एकही मासा जुन्यात परत नाही. सासू टाकीपाशी उभी. कोणता मासा कधी कलायला लागेल हे तिला आधी कळत होतं. "तो, तो डावीकडचा, काढ," म्हणायची आणि काढेपर्यंत तो खरंच कललेला असायचा. शेकडो मासे तिच्या हातातून गेले आणि त्यातले दोन मेले. दोनच. हा आकडा बायकोनेही निम्मा केलेला नाही.

राहिलं रिकामं जुनं जाळं. ते ओढायला आठी जणी लागल्या, हललं नाही. शेवाळ, कालवं, गाळ. किनाऱ्यावर उभे राहून महिनाभर थट्टा करणारे पुरुष होडीतून आले. नऊ जण आले, वर मी. सतरा कोळी आणि एक मराठवाडा अशी ती ओढ होती. एकदा वाटलं, जाळं वर येत नाहीये, खाडीचा तळच वर येतोय. शेवटी ते किनाऱ्यावर आलं तेव्हा एक दीर सासूला म्हणाला, "वहिनी, ह्याच्यात मासे होते का ह्याला मासा बोलत होतीस?"

"बोलतोस काय? पसर. उन्हात. उद्या पलटी मार," सासू म्हणाली, आणि तो पसरायला लागला.

चार दिवस ते जाळं कोरड्या रेतीवर पडलं होतं. वास असा की गोराईची कुत्री बोटीने बोरीवलीला गेली. पाचव्या दिवशी मी दोऱ्याचा तुकडा बघितला. शिंगाडे चिपाडासारखे चेपलेले, आत काही नाही.

उधाण आलं ते गुरुवारी. मी रजा टाकली. आठी जणी पिंजऱ्यावर. विहिरीचं ताजं पाणी, काळी टाकी. ठरलं होतं, वेगवेगळ्या कोपऱ्यांतले दहा मासे घ्यायचे, आंघोळ घालायची आणि तळाला किती पांढरं पडतं ते बघायचं. सासूने दहा मासे स्वतः निवडले आणि त्यात मुद्दाम तो घेतला ज्याचा डोळा आधी पांढुरका होता. आता तो डोळा कोरा काळा होता. सुरी तिच्या कमरेला होती. शब्द दिला होता ना.

आजींनी आकडे सुरू केले. शंभर. दीडशे. टाकीवर इतकी डोकी वाकली की आत अंधार झाला आणि आजींनी मधेच दोन आकड्यांच्या फटीत सगळ्यांच्या आईबापांचा उद्धार केला. दोनशे. माशांच्या अंगावर काही नाही. अडीचशे. तीनशे. मासे काढले.

जाऊ टाकीत वाकली. चष्मा नाकावर, नाक पाण्यात. मग तिने हात घातला आणि बोटाच्या टोकावर एक पांढरा ठिपका वर आणला.

 तिने बोट माझ्यापुढे धरलं. मी खिशातून भिंग काढलं. इतका वेळ घेतला की बायको किनाऱ्यावरून ओरडली, काय झालं?  सासू माझ्याकडे बघत नव्हती. ती पिंजऱ्यातल्या पाण्याकडे बघत होती.

"खवला आहे," मी म्हणालो. "सुटलेला खवला. भाडेकरू नाही."

"नीट बघ," जाऊ म्हणाली.

"नीट बघितलं, काकी. खवला."

सासूने खाली ठेवलेली बारीक मासळीची टोपली उचलली आणि एक मूठ पाण्यात टाकली. पाणी फुटलं. सगळीकडून एकदम. जिताडा खायला वर आला की असा फटकारा मारतो की जणू कोणी पिंप आपटलं, आणि असे शेकडो. आम्ही सगळे नखशिखांत भिजलो. आजींच्या तोंडात खारं पाणी गेलं आणि त्या हसायला लागल्या.

सासूने कमरेची सुरी काढली आणि मुठीकडून जावेपुढे धरली. "बोल. काढायचे?"

जावेने चष्मा पुसला. पाण्यात बघितलं, बराच वेळ.

"येवरेसे?" ती म्हणाली. "येवरेसे मासे घेऊन बाजारात बसलं तर लोक हसतील. वाढू दे." मग टोपलीतली दुसरी मूठ तिनेच उचलली आणि पार पलीकडच्या कोपऱ्यात भिरकावली. "त्या कोपऱ्यात कोन टाकतच नाय गो. तिथले बारीक रायलेत, बघ ना."